नोंदणी कार्यकर्त्याची, जबाबदारी मालकाची

कापडाच्या दुकानातली मीटरपट्टी आपण स्वतः बनवत नाही. ती बनवणारा कारखाना वेगळा असतो. पण वजनमापे खात्याचा माणूस दुकानात आला आणि पट्टीवर शिक्का नसला, तर त्याचा जाब दुकानदाराला द्यावा लागतो. कारण त्या पट्टीने गिऱ्हाइकाला माल मोजून देणारे आपण असतो. तीस वर्षांच्या व्यापारात ही गोष्ट आम्हाला पाठ झाली आहे. हाच न्याय कामावर ठेवलेल्या माणसालाही लागू पडतो, हे मात्र आम्हाला उशिरा कळले, आणि त्याची किंमत एका गरीब घराला मोजावी लागली. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडत आहोत. आपल्यापैकी अनेक जण दुकानाबरोबर एखाद्या ट्रस्टचे, शाळेचे किंवा दवाखान्याचे विश्वस्तही आहेत. तेथे आपण व्यापारी नसतो, पण मालक असतोच.

आमची चूक

आम्ही काही कापडवाल्यांनी मिळून रुग्णांना मदत करणारे एक छोटे केंद्र चालवले आहे. तेथे बावीस वर्षांचा एक मुलगा पगारावर ठेवला. मुलगा कष्टाळू, प्रामाणिक, बोलायला गोड. इस्पितळात गेल्यावर कोणी ऐकून घ्यावे म्हणून आम्ही त्याला कार्ड छापून दिले आणि त्यावर ‘मेडिकल सोशल वर्कर’ असे लिहिले. हे लिहिताना कोणाला काही विचारावे असे आमच्या मनातही आले नाही.

काही महिन्यांनी भिवंडीच्या एका यंत्रमाग कामगाराचे कुटुंब आले. घरातला कर्ता माणूस मुंबईच्या एका धर्मादाय इस्पितळात दाखल झाला होता. आमच्या मुलाने धावपळ केली, रक्ताची सोय केली, आणि इस्पितळात पैसे भरावे लागतील असे सांगितले. घरच्या बाईने हातातल्या बांगड्या विकून पैसे भरले. महाराष्ट्रात धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे आमच्या मुलाला ठाऊक नव्हते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन इस्पितळातल्या समाजसेवा विभागात जायचे असते, हेही ठाऊक नव्हते. पुढे त्या विभागातल्या बाईंनी आम्हाला फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुमचा सोशल वर्कर कुठे शिकला आहे?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

मुलाचा दोष नव्हता. ते नाव त्याने स्वतः लावून घेतले नव्हते. ते आम्ही लावले होते.

नावाचा घोटाळा

आपल्याकडे ‘समाजसेवक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. चौकातल्या प्रत्येक फलकावर दोन-चार समाजसेवक हात जोडून उभे असतात. समाजाची सेवा कोणीही करावी, त्याला कोणाची परवानगी नको. पण पगार घेऊन, प्रशिक्षण घेऊन हे काम करणारा व्यावसायिक समाजकार्यकर्ता वेगळा. त्याच्यासाठी बी.एस.डब्ल्यू. आणि एम.एस.डब्ल्यू. या पदव्या आहेत. महाराष्ट्रातल्या सरकारी इस्पितळांत त्याला ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात. हे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था मुंबईतच १९३६ साली निघाली. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. म्हणजे हे शास्त्र आपल्या दारात नव्वद वर्षांपूर्वी आले. पण डॉक्टर आणि वकील यांच्यासाठी जशी कायद्याने नोंदवही आहे, तशी सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी देशभराची एक नोंदवही आपल्याकडे नाही.

जेथे अशी नोंदवही झाली, तेथे मालकांवर काय परिणाम झाला? याची माहिती आम्हाला घरबसल्या मिळाली. आमच्या बाजारातल्या एका मित्राची मुलगी मुंबईत एम.एस.डब्ल्यू. करून न्यूझीलंडला गेली. तेथल्या एका संस्थेला ती पसंत पडली, पण संस्थेने सांगितले की बोर्डात नाव नोंदल्याशिवाय आम्ही तुम्हाला या पदावर बसवू शकत नाही. तिच्याकडून ऐकल्यावर आम्ही त्या कायद्याची माहिती गोळा केली.

न्यूझीलंडचा कायदा

त्या देशात समाजकार्यकर्त्यांच्या नोंदणीचा कायदा २००३ साली झाला आणि एक बोर्ड नेमले गेले. पण नोंदणी ऐच्छिक ठेवली. ज्याला वाटेल त्याने करावी. सरकारी खाती आणि इस्पितळे हळूहळू आपल्या माणसांकडे नोंदणी मागू लागली. पण ज्याने नोंदणी केली नाही तोही स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवू शकत होता. एखाद्याने मोठी चूक केली, तरी तो नोंदवहीत नसेल तर बोर्ड त्याचे काही करू शकत नव्हते. पट्टीवर शिक्का मारून घेणे दुकानदाराच्या मर्जीवर सोडावे, तसाच हा प्रकार होता.

ही पळवाट बुजवण्यासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये संसदेत विधेयक आले. पण त्याच्या पहिल्या मसुद्यातही एक भोक होते. ज्याच्या पदाचे नाव ‘समाजकार्यकर्ता’ आहे, त्यालाच नोंदणी सक्तीची, असा त्याचा अर्थ होत होता. मग मालकाने पदाचे नाव बदलून ‘मदतनीस’ किंवा ‘समन्वयक’ केले की काम तेच, माणूस तोच, आणि कायदा लागू नाही! व्यापाऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. यंत्रमागाच्या मालाला हातमागाचे नाव देणारे आपण पाहिले आहेत. येथे उलटे होते, खरे नाव लपवून माल विकायचा. संसदेच्या समितीपुढे या व्यवसायातल्या लोकांनी जोरदार हरकत घेतली. मग कामाची व्याप्ती कायद्यात आणली गेली.

सुधारित कायद्याला २७ फेब्रुवारी २०१९ रोजी मंजुरी मिळाली. मालकांना आणि कार्यकर्त्यांना तयारीसाठी दोन वर्षांची मुदत दिली गेली. २७ फेब्रुवारी २०२१ पासून नोंदणी सक्तीची झाली. आता नोंदणी नसलेल्या माणसाला तेथे हे नाव लावता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला ते नाव त्याला लावून देताही येत नाही. आम्ही छापलेल्या कार्डाची आठवण आम्हाला येथे झाली.

मालकावर काय येऊन पडले

पहिली गोष्ट तपासणीची. नोंदवही सर्वांना पाहण्यास खुली आहे. नोकरी देताना मालकाने त्यात नाव पाहायचे. नुसती नोंदणी पुरत नाही, काम करण्याचा चालू दाखलाही लागतो. तो दरवर्षी १ जुलै ते ३० जून या काळापुरता असतो. म्हणजे दुकानाचे परवाने जसे मुदत पाहून नवे करावे लागतात, तशी ही तारीखही सांभाळावी लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. दाखला चालू ठेवायचा तर कार्यकर्त्याने शिकत राहिले पाहिजे आणि अनुभवी माणसाकडून नियमित मार्गदर्शन घेतले पाहिजे. त्याचे तास कामाच्या तासांतूनच निघतात. मोठ्या सरकारी खात्याला हे जड नाही. चार माणसांच्या संस्थेला एक माणूस अर्धा दिवस गेला तरी जाणवते. नोंदणीची आणि दाखल्याची फी कोणी भरायची, हाही प्रश्न तेथल्या छोट्या संस्थांपुढे उभा राहिला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कार्यकर्त्याने गंभीर गैरवर्तन केले आहे, तो कामास पात्र नाही, किंवा प्रकृतीमुळे त्याला काम नीट करता येत नाही, असे मानण्यास वाजवी कारण असेल तर मालकाने बोर्डाला कळवलेच पाहिजे. आपल्याकडची रीत आठवून पाहा. माणूस वाईट निघाला की आपण त्याच्याकडून गुपचूप राजीनामा घेतो, वर चांगला दाखला देतो, आणि तो दुसऱ्याच्या दुकानात जाऊन तेच करतो. बदनामी नको म्हणून आपण गप्प बसतो. तेथे कायद्याने ही गप्प बसण्याची मुभा काढून घेतली. तक्रारीची चौकशी होते, प्रकरण गंभीर असेल तर शिस्तभंगाच्या न्यायाधिकरणापुढे जाते, आणि नोंदणी रद्दही होऊ शकते.

चौथी गोष्ट जुन्या माणसांची. वीस-वीस वर्षे काम केलेले, पण पदवी नसलेले लोक तेथेही होते. त्यांना एका फटक्यात घरी बसवले नाही. पदवी नसली तरी अनुभव तपासून नोंदणी देण्याची वाट ठेवली, आणि २०२४ साली त्या वाटेची मुदतही वाढवली. शिवाय तेथले मूळ रहिवासी माओरी आणि देशातले इतर वांशिक व सांस्कृतिक समूह यांच्यात काम करण्याची पात्रता आहे की नाही, हेही नोंदणीच्या वेळी पाहिले जाते. ज्याच्या घरात जायचे त्याची रीत ठाऊक नसेल, तर नुसत्या पदवीने काम भागत नाही.

पगाराचीही गोष्ट सांगितली पाहिजे. २०१८ साली तेथल्या सरकारी बालकल्याण खात्यातल्या कार्यकर्त्यांचे पगार मोठ्या प्रमाणात वाढले. ही वाढ नोंदणीमुळे नव्हे, स्त्री-पुरुष वेतन समानतेच्या मागणीतून झाली. पण धर्मादाय संस्थांमधली माणसे मागे राहिली. पुढे २०२२ मध्ये या संस्थांसाठीही सरकारने पैसा देण्याचे ठरवले. मालकांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की शिक्का असलेला कारागीर शिक्क्याची मजुरी मागणार.

मग मालकाला फायदा काहीच नाही का? आहे. माणूस पारखण्याचे काम सोपे झाले. तक्रार आली तर ती नेण्यास जागा झाली. आणि संस्थेच्या नावावर दारात येणाऱ्या गरिबाला, समोर बसलेला माणूस खरोखर शिकलेला आहे, ही हमी मिळाली.

आपल्याकडे काय लागू आहे

आपल्याकडे एकच मोठी नोंदवही नसली तरी मैदान अगदी मोकळे नाही. अपंगांच्या पुनर्वसनासाठी १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. त्यातल्या नोंदणीत पुनर्वसन क्षेत्रातले समाजकार्यकर्ते येतात. विशेष मुलांची शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने हे जरूर पाहावे. मनोरुग्णांच्या क्षेत्रातला समाजकार्यकर्ता कोणाला म्हणावे, त्याचे शिक्षण काय असावे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेले आहे. आणि आरोग्य क्षेत्रातल्या संलग्न व्यावसायिकांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषदांची योजना आहे. दवाखाना किंवा रुग्णसहाय्य केंद्र चालवणाऱ्यांनी आपल्या माणसाची नोंदणी कधी व कशी करायची, हे लेखी विचारून ठेवावे.

कारखानदारांसाठीही एक मुद्दा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाचशे किंवा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत हा आकडा अडीचशेवर आणला आहे. म्हणजे मध्यम कारखानाही यात येऊ शकतो. हे पद भरताना ओळखीचा माणूस बसवू नये, शिकलेला बसवावा.

आपण काय करावे

१. पदवी पाहिल्याशिवाय कोणाच्याही कार्डावर ‘सोशल वर्कर’ छापू नये. ‘मदतनीस’, ‘स्वयंसेवक’ ही नावेही इज्जतीची आहेत.

२. मदतनिसाने काय करावे आणि काय करू नये, हे कागदावर लिहून द्यावे. सल्ला देण्याआधी जाणकाराला विचारणे, हा पहिला नियम असावा.

३. पदवीधर ठेवणे परवडत नसेल तर तीन-चार ट्रस्टनी मिळून एक ठेवावा. बाजारात आपण एक टेम्पो चौघांत वापरतोच.

४. माणूस सोडून गेला आणि पुढच्या मालकाने विचारले, तर खरे ते सांगावे.

५. हाताखालच्या हुशार मुलाला शिकवावे.

पाचवा मुद्दा आम्ही स्वतःपासून सुरू केला. ती जुनी कार्डे फाडली. आमचा मुलगा आता ‘मदतनीस’ आहे आणि बी.एस.डब्ल्यू.च्या वर्गात जातो. त्याची फी केंद्र भरते. भिवंडीच्या त्या बाईंचे पैसेही आम्ही सर्वांनी मिळून परत केले. त्यांनी ते घेतले, पण म्हणाल्या, “बांगड्या आईच्या होत्या, त्या कुठून आणणार?” याचेही उत्तर आमच्याकडे नव्हते.