आत्मघाती हल्ल्यांच्या पूर्वजांचा शोध

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आत्मघाती हल्ल्याचा आद्य पुरुष कोण, हा प्रश्न पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी हिरिरीने चर्चेस घेतला. कोणी अलमूतच्या निझारी इस्माइलींकडे बोट दाखविले, कोणी जपानी वैमानिकांकडे. काही जण तर बायबलातील सॅमसनपर्यंत मागे गेले. सप्टेंबर २००२ मध्ये जॉन केरी यांनी लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये मिल्टनच्या ‘सॅमसन अ‍ॅगनिस्टीज’विषयी लेख लिहिला. सॅमसनचे कृत्य ईश्वरनिष्ठेपोटी घडले म्हणून वंद्य ठरविणारा स्टॅनली फिश यांचा अन्वयार्थ स्वीकारल्यास ते काव्य दहशतवादाला चिथावणी देणारे ठरेल, असा त्यांचा आक्षेप होता. वाङ्मयीन टीकेला एरवी न लाभणारी प्रसिद्धी त्या लेखास लाभली.

वादाचे मूळ व्याख्येत आहे. १०९२ मध्ये सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याचा खंजिराने वध झाला. अशा मारेकऱ्यास सुटकेची आशा क्वचितच असे. तथापि त्याचा मृत्यू हे वधाचे साधन नव्हते, परिणाम होता. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी बैरूतमध्ये स्फोटकांनी भरलेल्या मोटारी सैनिकी तळांवर घालून २४१ अमेरिकन व ५८ फ्रेंच सैनिक मारले गेले. तेथे चालकाचे मरण हेच साधन होय. ऑक्टोबर १९४४ पासूनच्या जपानी वैमानिकांनाही हे लागू पडते. परंतु ते गणवेशधारी होते आणि त्यांचे लक्ष्य युद्धनौका होत्या. झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या पायाशी १८८१ मध्ये बाँब टाकून स्वतःही त्यात मरणारा क्रांतिकारक या वंशावळीत सहसा आढळत नाही. त्याच्यापाशी धर्म नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

रॉबर्ट पेप यांनी २००५ मध्ये १९८० ते २००३ या काळातील ३१५ हल्ल्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. तीत सर्वाधिक वाटा श्रीलंकेतील धर्मनिरपेक्ष तमिळ वाघांचा निघाला. परकीय सैन्याची उपस्थिती हे त्यांनी दिलेले कारण मात्र वादग्रस्त ठरले. कारण जेथे असे सैन्य असूनही हल्ले झाले नाहीत, ती उदाहरणे त्यांच्या गणनेबाहेर राहिली होती.

पूर्वज ठरविण्याचे ओझे हयात माणसांवर पडते. मुंबईतील खोजा समाजाचा अलमूतशी असलेला संबंध १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आगाखान खटल्याच्या निकालात नोंदविला आहे. अलमूतचा किल्ला मंगोलांनी १२५६ मध्ये घेतला. तेथून बैरूतपर्यंतच्या सव्वासातशे वर्षांत एकाने दुसऱ्यापासून ही रीत उचलल्याचा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. मार्को पोलोने प्रसृत केलेल्या भांग व स्वर्गोद्यानाच्या कथा तर दंतकथाच होत, हे फरहाद दफ्तरी यांनी १९९४ मध्ये साधार दाखविले. वृत्तपत्रांतील वंशावळी अलमूतची ओळख करून देताना बहुधा त्याच कथा सांगतात.