अमृता शेरगिल : बदलत्या शैलींची कहाणी

चित्रकाराची शैली म्हणजे त्याचें हस्ताक्षर, असें आपण समजतों. त्यामुळें एखाद्यानें आपली पद्धति बदलली कीं आपण थोडे नाराज होतों. ह्याला अजून आपला सूर सांपडलेला दिसत नाहीं, असें म्हणून मोकळे होतों. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे त्या अमृता शेरगिलनें अवघ्या बारा वर्षांच्या कारकीर्दींत तीन वेळां आपली पद्धति मोडली. आणि प्रत्येक वेळीं मोडलेली पद्धति तिला यश देऊन चुकलेली होती. हा चंचलपणा होता काय? तिचीं चित्रें क्रमानें पाहिलीं तर तसें वाटत नाहीं. समोरच्या माणसाच्या अधिकाधिक जवळ कसें जावें, ह्या एकाच प्रश्नाचीं तीं निरनिराळीं उत्तरें आहेत.

अमृतेचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजीं बुडापेस्ट शहरीं झाला. वडील उमरावसिंग शेरगिल हे पंजाबांतील मजिठिया सरदार घराण्यांतले. संस्कृत आणि फारसी भाषांचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे शोकी. आई मारी आंत्वानेत ही हंगेरियन, गायनकलेंत तयार झालेली. १९२१ सालीं हें कुटुंब हिंदुस्थानांत येऊन सिमल्यास राहिलें. मुलीच्या हातांत कला आहे हें घरच्यांच्या ध्यानांत आलें होतें. १९२९ सालीं, तिच्या वयाच्या सोळाव्या वर्षीं, चित्रकलेच्या शिक्षणासाठीं तिला पॅरिसला नेण्यांत आलें.

पॅरिसमध्यें एकोल द बोझार ह्या विख्यात कलाशाळेंत ल्यूसियाँ सिमों ह्यांच्या हाताखालीं ती शिकली. शिक्षणाची रीति रूढ होती. समोर माणूस बसवावयाचा. त्याच्या अंगावरील उजेड आणि सावली न्याहाळून शरीराचा गोलवा, त्वचेचा पोत आणि वस्त्राचा भार तैलरंगांत उतरावयाचा. ह्या विद्येंत ती किती लवकर पारंगत झाली, हें १९३२ सालच्या ‘तरुण मुली’ ह्या चित्रावरून कळतें. दोन मैत्रिणी एका खोलींत बसल्या आहेत, एवढाच विषय. ह्या चित्राला १९३३ सालीं पॅरिसच्या सालों प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. त्या वेळीं ती वीस वर्षांची होती.

दुसरी एखादी असती तर ह्याच वाटेनें आयुष्यभर चालली असती. परंतु सेझान आणि गोगँ ह्यांचीं चित्रें तिच्या मनांत घर करून बसलीं होतीं. गोगँपासून तिनें एक गोष्ट विशेष उचलली : रंग सपाट घालावा, बाह्यरेषा ठसठशीत ठेवावी, आणि तपशिलाचा मोह सोडावा. १९३४ सालीं तिनें ताहिती बेटांतील स्त्रीच्या रूपांत स्वतःचें चित्र काढलें, त्यांत ह्या नव्या वळणाची खूण स्पष्ट आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ती हिंदुस्थानांत परतली.

येथें त्या वेळीं दोन मार्ग रूढ होते. कलाशाळांतून हुबेहूब चित्रणाचा पाश्चात्य पाठ चाले. बंगाली संप्रदायाचे चित्रकार जलरंगांच्या धूसर छटांत पुराणकाळाचीं स्वप्नें रंगवीत. दोहोंतही तिचें मन रमेना. तिला दिसत होतीं तीं सिमल्याच्या आसपासचीं डोंगरी माणसें : सडपातळ, सांवळीं, अबोल. १९३५ सालीं काढलेल्या ‘डोंगरी पुरुष’ आणि ‘डोंगरी स्त्रिया’ ह्या चित्रांत हीं माणसें खांबांसारखीं स्तब्ध उभीं आहेत. त्याच सालच्या ‘तीन मुली’ ह्या चित्रांत तिघीजणी मान खालीं घालून बसल्या आहेत. त्यांच्या मागें ना घर, ना देखावा. कशाची तरी वाट पाहणें एवढेंच त्यांच्या हातीं आहे, असें वाटतें. सिमल्याच्या त्या वर्षींच्या प्रदर्शनांत तिचीं कांहीं चित्रें नाकारलीं गेलीं आणि एकाला बक्षीस मिळालें. तें बक्षीस तिनें घेतलें नाहीं. पुढें १९३७ सालीं ‘तीन मुली’ ह्याच चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें.

ह्या चित्रांवर एक आक्षेप घेतां येतो. सरदारघराण्यांतील, पॅरिसला शिकलेली मुलगी गरिबांचें दुःख दुरून पाहते आणि तें देखणें करून दाखविते, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच खोटें ठरणार नाहीं. ह्या माणसांना नांव नाहीं, काम नाहीं, शेजार नाहीं. आहे तो केवळ विषाद. पण ती तेथें थांबली नाहीं, हें महत्त्वाचें आहे.

१९३६ च्या अखेरीस ती मुंबईस आली आणि तेथून अजिंठा व वेरूळ पाहून दक्षिणेकडे गेली. अजिंठ्याचें अनुकरण आपल्याकडे तोंवर पुष्कळांनीं केलें होतें. पण त्यांनीं घेतले ते अर्धोन्मीलित डोळे, लवचिक बोटें आणि मुकुट. अमृतेनें घेतली ती रचना. एकेकट्या आकृतीपेक्षां आकृतींचा समूह भिंतीवर कसा एका लयींत फिरतो, सांवळी काया आणि फिकें वस्त्र ह्यांच्या विरोधांतून चित्राचा तोल कसा साधतो, हें तिनें तेथें पाहिलें. मग कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यांतील भित्तिचित्रें पाहिलीं. ह्या प्रवासाचें फळ म्हणजे १९३७ सालचीं तीन मोठीं चित्रें : ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणेकडील ग्रामस्थ’. ह्यांतलीं माणसें अजून गंभीरच आहेत, पण आतां तीं एकटीं नाहींत. त्यांना एकमेकांचा शेजार मिळाला आहे. त्याच वर्षीं लाहोरास भरलेल्या तिच्या प्रदर्शनाची जाणत्यांनीं वाखाणणी केली.

ह्या भव्य मांडणीवरही तिनें समाधान मानलें नाहीं. मुंबईचे कायदेपंडित आणि कलामर्मज्ञ कार्ल खंडालावाला हे तिचे स्नेही. त्यांच्या संग्रहामुळें जुन्या लघुचित्रांची गोडी तिला लागली. मोगल आणि पहाडी चित्रांत आकृति लहान असते, अंगण, झाड, भिंत ह्यांना तितकेंच मोल असतें, आणि शुद्ध, झगझगीत रंग शेजारीं शेजारीं निर्भयपणें बसविलेले असतात. १९३८ सालीं हंगेरींत डॉक्टर व्हिक्टर इगन ह्या आपल्या मावसभावाशीं विवाह करून ती पुढच्या वर्षीं परतली, आणि गोरखपूर जिल्ह्यांतील सराया येथें, कुटुंबाच्या साखर-कारखान्याच्या आवारांत, राहूं लागली. तेथील चित्रांत मोठीं माणसें मावळलीं. हळद दळणाऱ्या बायका, झोपाळा, अंगणांत गोष्ट सांगणारा म्हातारा, असे विषय आले. १९४० सालच्या एका चित्रांत तांबडीं वस्त्रें ल्यालेली एक स्त्री खाटेवर पडली आहे आणि जवळ बसलेली दासी पंखा धरून आहे. त्या तांबड्या रंगांत उन्हाळ्याची तगमग आणि घरांत कोंडलेलें आयुष्य दोन्ही आहेत. आपली कींव करा, असें मात्र तें चित्र कोठेंही म्हणत नाहीं. पाहणारी आतां दारांतून डोकावत नाहीं. ती अंगणांत येऊन बसली आहे.

१९४१ च्या सप्टेंबरांत ती लाहोरास गेली. तेथें तिचें प्रदर्शन भरावयाचें होतें. त्याच्या थोडे दिवस आधीं, ५ डिसेंबर रोजीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं तिचा मृत्यु झाला. चौकटीवर एक चित्र अपुरें राहिलें : गच्चीवरून दिसणाऱ्या भिंती आणि खालीं म्हशी. त्यांत सगळें कांहीं रंगांच्या ठोकळ्यांत मांडलेलें आहे. आणखी एक वळण सुरू झालें होतें.

हयातींत तिच्या चित्रांना गिऱ्हाईक थोडेंच मिळालें. १९७६ सालीं भारत सरकारनें तीं राष्ट्राचा कलाठेवा म्हणून घोषित केलीं. २०२३ सालीं तिचें १९३७ सालचें एक चित्र लिलांवांत ६१.८ कोटि रुपयांना गेलें. पण तिची खरी किंमत समजून घ्यावयाची तर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत जावें. तिच्या चित्रांचा मोठा भाग तेथें आहे. तेथें तीं सन पाहून ओळीनें बघावीं, आणि प्रत्येकापुढें एकच गोष्ट स्वतःला विचारावी : ही चित्रकर्ती ह्या माणसांपासून किती अंतरावर उभी आहे?