प्रोग्रामचे आत्मदर्शन

संगणकाच्या पडद्यावर आपण नाव, वय, गाव असे रकाने भरतो आणि बटण दाबतो. पलीकडे पोहोचते ती केवळ जोड्यांची माळ: 'नाव' म्हणजे अमुक, 'वय' म्हणजे '३४'. तेथील प्रोग्रामात 'प्रवासी' नावाचा एक वर्ग असतो. वर्ग म्हणजे साचा. त्यातून काढलेली एकेक प्रत म्हणजे वस्तू. आलेल्या जोड्या त्या वस्तूत जागच्या जागी बसवावयाच्या, एवढेच काम. परंतु ते हाताने लिहावयाचे तर चाळीस रकान्यांना चाळीस ओळी, आणि रकाना वाढला की पुन्हा शोधाशोध.

यावरचा उपाय म्हणजे रिफ्लेक्शन. जावा भाषेच्या १.१ या आवृत्तीबरोबर १९९७ साली ही सोय आली. चालू असलेल्या प्रोग्रामने आपल्याच वर्गांची माहिती आपणच विचारून घ्यावी, असे तिचे स्वरूप आहे. भरणारा भाग वर्गाला विचारतो, 'तुझ्यात सेट या शब्दाने सुरू होणाऱ्या कृती कोणत्या?' सेटनाव, सेटवय अशी उत्तरे येतात. वयाला अंक हवा हेही कळते. मग '३४' या अक्षरांचा अंक करून तो ती कृती चालवतो. जोडीचे नाव 'पत्ता.गाव' असे असेल, तर प्रथम 'गेट' कृतीने पत्ता गाठावयाचा आणि मग त्यात गाव घालावयाचे. प्रवाशाविषयी त्याला आगाऊ काहीच ठाऊक नसते. उद्या 'रुग्ण' हा वर्ग लिहिला तरी तोच भाग चालेल. ही सोय आम्हांला खरोखर मोठी वाटते.

मात्र जो नावावरूनच घर शोधतो, त्याला नाव सांगणारा कोण, हा प्रश्न उरतोच. जावातील प्रत्येक वस्तूला 'गेटक्लास' ही कृती वारशाने मिळते. नियमाप्रमाणे भरणारा तिलाही 'क्लास' नावाचा रकाना समजतो! फॉर्मवर तो नसतो. पण कोणी तशी जोडी मुद्दाम पाठवली तर?

स्प्रिंग या जावाच्या प्रसिद्ध चौकटीत (नाव वसंताचेच, तेव्हा या व्यासपीठाला ते परके नाही) नेमके हेच झाले. २०१० साली 'क्लास'वरून 'क्लासलोडर'कडे जाणारी वाट सापडली. ते नाव निषिद्ध ठरवून ती बुजवली गेली. पुढे २०१७ साली जावाच्या नवव्या आवृत्तीत क्लासला 'मॉड्यूल' हे नवे अंग फुटले आणि मॉड्यूलमधून पुन्हा क्लासलोडर गाठता येऊ लागला. पुढचा दरवाजा बंद, परसदार उघडे. मार्च २०२२ मध्ये हे उघडकीस आले. टॉमकॅट या सर्व्हरची नोंदवही कोठे ठेवावी, तिच्या नावाचा शेवट काय असावा आणि तिच्यात काय लिहावे, हे तीनही रकाने परका माणूस भरू शके. मग सर्व्हर आपल्याच हाताने त्याचा प्रोग्राम लिहून ठेवी. ३१ मार्चला ५.३.१८ आणि ५.२.२० या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. त्यांत निषिद्ध नावांची यादी वाढवण्यावर न थांबता, 'क्लास'चे केवळ नावाशी संबंधित रकाने तेवढे खुले ठेवले.

आमच्या मते फॉर्मसाठी वेगळा, लहानसा वर्ग लिहावा. त्यात फॉर्मवरचेच रकाने असावेत. मूळ वर्गात 'अधिकार' किंवा 'शिल्लक' असे रकाने असतात, आणि भरणाऱ्याला ते नावापेक्षा वेगळे दिसत नाहीत. मग वाचवलेल्या चाळीस ओळी परत लिहावयाच्या काय, असे कोणी विचारील. सगळ्या नव्हे, पण दहाएक लिहाव्या लागतील.