परक्या सागरात रुजलेले कालव

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्याने नेदरलँड्समधील ओस्टरस्खेल्डे खाडीतील देशी चपटी कालवे जवळजवळ नामशेष केली, तेव्हा तेथील उत्पादकांनी १९६४ साली पॅसिफिक कालवाचे बीज आणून पेरण्याची तजवीज केली, आणि ती अशा खात्रीने की, मूळच्या जपानकडील या प्राण्याला उत्तर समुद्राच्या थंड पाण्यात प्रजावृद्धी साधणार नाही. १९७५ व १९७६ च्या उष्ण उन्हाळ्यांनी ती खात्री फोल ठरविली.

या जीवाचे चरित्र मोठे विलक्षण आहे. बहुधा प्रथम नर म्हणून वयात येणारे हे कालव पुढे मादी होऊन एका हंगामात कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. त्यातून निघालेला डिंभक दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातो, आणि अखेरीस, अंगावर एक काळा नेत्रबिंदू व चाचपडणारा इवलासा पाय फुटल्यावर, शक्यतो आपल्याच जातीच्या शिंपेचा पृष्ठभाग हुडकून, डावी शिंप कायमची चिकटवून घेतो.

जर्मनीच्या स्युल्ट बेटाजवळ १९८६ मध्ये या कालवांची शेती सुरू झाली व १९९१ मध्ये हद्दीबाहेर पहिले रानटी कालव आढळले. तेथील देशी निळ्या शिंपल्यांचा आता निर्वंश होणार, अशी भीती होती. परंतु अभ्यासकांना दिसले ते असे की, कालवांच्या उभ्या, धारदार कडांमधील खबदाडांत त्या शिंपल्या खेकड्यांपासून बचावून, वाढ मंदावली तरी, तग धरून आहेत. मला या संशोधनातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.