एकाच घडणीचे, निरनिराळ्या गळ्यांचे

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच रंगभूमीवर आणले. पुढच्या काळात संगीत नाटकाच्या साथीला पायाने भाता चालवायचा ऑर्गन आला आणि मराठी कानांत कायमचा बसला.

या वाद्याची एक गंमत आहे. एकाच कारखान्याचे, एकाच नमुन्याचे दोन जुने ऑर्गन शेजारी ठेवा. एक भरदार, मृदू बोलेल. दुसरा जरा नाकात. असे का व्हावे?

ऑर्गनचा गळा म्हणजे पितळेच्या पातळ पट्ट्या, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत ‘सूर’. पेटीत हवा आतून बाहेर ढकलली जाते, तर अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये भाता ती आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज अधिक गोलाईचा. पण पट्टीचा बाक किंचित बदलला, तिच्या कडेची फट केसभर वाढली, की सूर तोच राहून त्याचा रंग बदलतो.

त्यात हवापाणी आले. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि माण-खटाव मात्र कोरडे. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसून चिरते. भात्याचे कापड विरते, हवा गळते आणि सूर उशिरा, दबून बोलतात.

शेवटी येतो कारागिराचा हात. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. प्रत्येक दुरुस्ती वाद्यावर आपली सही ठेवून जाते.

मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही एका मापाचे दोन तंबोरे एकसारखे बोलत नाहीत. कारण कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. गवई आपल्या गळ्याला मानवणारा तंबोरा निवडतो. या वेगळेपणाला तो दोष मानत नाही.

तेव्हा घरात किंवा शाळेत एखादा जुना ऑर्गन असेल, तर ‘बेसूर झाला’ म्हणून लगेच कानस लावू देऊ नका. आधी भाता, सांधे आणि हवेची गळती तपासून घ्या. पट्ट्यांवरची धूळ हळुवार झाडा. अनेकदा सूर तेवढ्यानेच मोकळा होतो. भाता पुन्हा मढवता येतो, फळी बदलता येते. घासून गेलेले पितळ मात्र परत येत नाही. आणि त्याच्याबरोबर गेलेला तो एकमेव गळाही.