हरवलं नेमकं काय? एलियट, मर्ढेकर, ढसाळ यांच्या निराशेची तुलना करताना गुण कुठे जातात

‘आधुनिक कवितेतील हानी आणि नैराश्य या आशयसूत्रांची तुलना करा.’ मराठी असो वा इंग्रजी, वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. उत्तरही जवळपास ठरलेलं असतं. महायुद्ध, यंत्रयुग, शहर, एकाकीपणा, मूल्यांचा ऱ्हास. शेवटी ‘दोन्ही कवींनी मानवी जीवनातील निराशा प्रभावीपणे मांडली आहे’ हे वाक्य, की झाला प्रश्न. एआयला विचारलं तरी साधारण हेच हातात येतं.

हे उत्तर चुकीचं नाही. अडचण अशी की कवींची नावं बदलली तरी ते तसंच्या तसं चालतं. ‘एलियट आणि मर्ढेकर’ खोडून ‘ग्रेस आणि ढसाळ’ लिहा, एक शब्दही हलवावा लागत नाही. मग तुलना झाली कुठे?

पुनावळे, ताथवडे, हिंजवडी या पट्ट्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी जास्त. पण खोली भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारेही आहेत, आणि यूपीएससीला मराठी वाङ्मय हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांच्या यादीत ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ आणि नामदेव ढसाळ यांचा ‘या सत्तेत जीव रमत नाही’ हे दोन संग्रह शेजारी शेजारी येतात. दोन्हींत दुःख आहे. पण एकाचं दुःख दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं की दोघांमधलं अंतरच आधी डोळ्यात भरतं. त्या अंतराचं काय करायचं, हा खरा प्रश्न.

आधी होतं, मग मोडलं

सुरुवात एलियटपासून करायची पद्धत आहे, आणि ती सोयीची आहे. ‘द वेस्ट लँड’ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिलं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. एलियट लंडनमध्ये लॉइड्स बँकेत नोकरी करत होता, लग्न बिनसलेलं होतं. १९२१ मध्ये मानसिक थकव्यामुळे त्याने रजा घेतली आणि उपचारासाठी स्वित्झर्लंडमधलं लोझान गाठलं. कवितेचा बराच भाग याच काळातला. पुढे एझरा पाउंडने हस्तलिखितावर कात्री चालवली आणि ४३४ ओळी उरल्या.

या कवितेत तुकडेच तुकडे आहेत. दांते, शेक्सपिअर, बायबल, बुद्ध, पबमधल्या बायकांच्या गप्पा. हे तुकडे कुठल्या तरी अखंड वस्तूचे आहेत, असं कवी धरून चालतो. एक संस्कृती होती, तिला एक केंद्र होतं, ते गेलं. हार्वर्डमध्ये संस्कृत शिकलेला हा कवी शेवटी बृहदारण्यक उपनिषदातल्या दमन, दान, दया या तीन उपदेशांपाशी येऊन थांबतो. आपल्या घरात सापडलं नाही म्हणून शेजाऱ्याचं दार ठोठावल्यासारखं. पुढे १९२७ मध्ये त्याने अँग्लिकन पंथ स्वीकारला. म्हणजे ज्याच्या जाण्याने तो हताश झाला होता, ते त्याच्या लेखी परत मिळण्यासारखं होतं.

भांडं जुनं, आतलं आटलेलं

बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म १९०९ चा, खानदेशातल्या फैजपूरचा. आयसीएसच्या तयारीसाठी ते इंग्लंडला गेले, तिथे नवी इंग्रजी कविता वाचली, आणि परत येऊन पुढे आकाशवाणीत नोकरी केली. ‘शिशिरागम’ हा पहिला संग्रह १९३९ चा, त्यातलं दुःख बरंचसं प्रेमभंगाचं, रविकिरण मंडळाच्या वळणाचं. आठ वर्षांनी, १९४७ मध्ये ‘काही कविता’ आला आणि तोच कवी ओळखू येईना. मधल्या वर्षांत दुसरं महायुद्ध झालं, बंगालचा दुष्काळ झाला, मुंबई गिरण्यांच्या आणि रेशनच्या रांगांनी भरून गेली.

पिंपातल्या उंदरांची कविता याच संग्रहातली. मराठी वाचक तेव्हा चक्रावला. काही कवितांवर अश्लीलतेचा ठपका ठेवून मुंबई सरकारने खटला भरला. सरकारी आकाशवाणीतला माणूस, आणि समोर सरकारच. मर्ढेकर निर्दोष सुटले. हा तपशील विद्यार्थी ‘कविपरिचय’ म्हणून पहिल्या परिच्छेदात टाकून देतात, तो खरं तर मध्यभागी हवा. निराशा कागदावर उतरवणं तेव्हा गुन्ह्याच्या कक्षेत ओढलं जाऊ शकत होतं.

‘मर्ढेकर म्हणजे मराठीतला एलियट’ हे वाक्य पाठ असणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी, छंद. मर्ढेकरांनी बरंचसं नवं दुःख अभंगात आणि ओवीत लिहिलं. वर्कशॉपमधले, सायकल-मोटारीच्या दुरुस्तीतले शब्द त्यांनी रात्रीला आणि मनाला जोडले, पण चाल कीर्तनातली ठेवली.

हा मुद्दा पुनावळ्याच्या वाचकाला लवकर कळावा, कारण देहू इथून दुचाकीने जाण्याइतकं जवळ. १६३० च्या सुमारासच्या दुष्काळात तुकोबांचं घर बसलं. व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. हानीची यादी करायची तर तिथे कुठल्याही आधुनिक कवीपेक्षा ती लांब होईल. पण अभंगात बोलायला समोर विठ्ठल होता. भांडता येत होतं, रुसता येत होतं, शिव्याही घालता येत होत्या. मर्ढेकरांनी तोच अभंग उचलला तेव्हा ऐकणारा आहे की नाही याची खात्री उरलेली नव्हती. त्यांच्या कवितेत प्रार्थना आहेत, पण साशंक. चाल ओळखीची असल्यामुळे गैरहजेरी जास्त जाणवते. एलियट तुकड्यांतून जे सांगतो, ते मर्ढेकर अखंड छंदातून सांगतात. तुलना करायची तर ती इथे.

दोघांत खरं साम्य आहे ते समीक्षेत. एलियटने १९१९ च्या ‘हॅम्लेट’वरच्या लेखात म्हटलं की भावना थेट सांगून चालत नाही, ती जागी करतील अशा वस्तू, प्रसंग, घटना कवीला शोधाव्या लागतात. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ अशी संज्ञा वापरली. दोन वेगळ्या गोष्टी दिसायला सारख्या नसल्या तरी भावनेच्या पातळीवर एकमेकींशी जुळतात, असा त्याचा ढोबळ अर्थ. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वंही याच विचारातली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं होतं. ही संज्ञा उत्तरात वापरली तर ‘प्रभावीपणे मांडली आहे’ या वाक्याची गरजच राहत नाही. कोणत्या वस्तूतून कोणती भावना उभी राहिली, एवढं दाखवलं की झालं.

हरवायला आधी असावं लागतं

इथवर गाडी सुरळीत चालते. ढसाळ आले की अडते.

नामदेव ढसाळ यांचा जन्म १९४९ चा, पूर-कनेरसरचा. चाकणची कारखानदारी ज्या खेड तालुक्यात उभी आहे, त्याच तालुक्यातलं हे गाव. लहानपणीच ते मुंबईत आले, वडील खाटकाच्या दुकानात कामाला, वस्ती कामाठीपुऱ्याच्या आसपासची. पुढे टॅक्सी चालवली. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली.

आता ‘मूल्यांचा ऱ्हास’ हा मुद्दा ढसाळांना लावून पाहा. कोणती मूल्यं? ज्या व्यवस्थेचं मोडणं एलियटला शोकाचं वाटतं, तशा व्यवस्थेत ढसाळांच्या माणसांना कधी जागाच नव्हती. गावाची ओढ म्हणावी, तर गावात वेशीबाहेरचं जगणं. शहराने एकटं केलं म्हणावं, तर गर्दीतली भूक ही एकटेपणापेक्षा फार आधीची गोष्ट. हानी म्हणायला आधी काही तरी हातात असावं लागतं. ‘गोलपिठा’तला संताप गेलेल्या गोष्टीसाठी नाही, कधी दिलंच नाही त्यासाठी आहे.

म्हणून ढसाळांच्या कवितेला ‘नैराश्य’ असं लेबल लावताना हात थबकायला हवा. हताश माणूस एवढ्या मोठ्या आवाजात बोलत नाही. त्यांच्या कवितेत शिवी आहे, वस्तीची बोली आहे, आणि शेजारीच बाबासाहेबांविषयीची कृतज्ञताही आहे. शेवट राखेत होत नाही.

ग्रेस पुन्हा वेगळे. तिथे दुःख खाजगी आहे, संध्याकाळ आणि आई यांच्याभोवती फिरणारं, आणि त्याचं कारण विचारलं तर कविता गप्प बसते. ते गप्प बसणं ‘दुर्बोधता’ या एका शब्दात संपवू नये, एवढं इथे पुरे.

मग लिहायचं काय?

तीन प्रश्न हाताशी असले तर बरंच काम होतं. काय गेलं? ते आधी कोणाकडे होतं? आणि कवी ते कोणाला सांगतोय? एलियटकडे गेलेली गोष्ट म्हणजे परंपरेचं केंद्र, आणि ऐकणारा त्याच्याइतकंच वाचलेला. कविता पुस्तकरूपात आली तेव्हा स्वतःच्या टिपा जोडाव्या लागल्या, यातच सगळं आलं. मर्ढेकरांकडे ऐकणाराच गेला आहे. ढसाळांकडे ऐकणारा समोर उभा आहे आणि त्याला ऐकावंच लागणार आहे.

हे प्रश्न खिडकीबाहेरही लावता येतात, आणि तिथे ते थोडे बोचतात. पुनावळ्यात उंच इमारती आणि अधेमधे उरलेली शेतं एकाच नजरेत दिसतात. दहाव्या मजल्यावरून ‘गावपण हरवलं’ असं म्हणणारा, जमीन विकून बंगला बांधलेला आणि त्याच जमिनीवर मजुरीला जाणारा, तिघांचीही हानी एका वाक्यात बसत नाही.

ज्यांना चौथं नाव हवं असेल त्यांनी अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ काढावी. २००३ मध्ये आलेला हा जाडजूड संग्रह जवळपास सगळा बायकांच्या रडण्याविषयी आहे. इजिप्तच्या पुराणातली इसिस त्यात आहे, अलेक्झांड्रियाची हायपेशिया आहे, रशियन कवी मांडेलश्टामची बायको नादेझ्दा आहे. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून कवी इतरांची आसवं टिपून ठेवतो आहे. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २००४ रोजी, कोलटकर पुण्यात वारले. वहीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००५ चा.