माळरान नकाशात ‘पडीक’ का?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक जमीन नकाशासंग्रहानुसार देशाची ५.५७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास १७ टक्के जमीन पडीक आहे. हे नकाशे उपग्रहचित्रांवरून तयार होतात. उपग्रह टिपतो तो जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश. तिला ‘पडीक’ ठरवतो तो माणसांनी आखलेला वर्ग. झुडपी जमिनीचा वर्ग याच संग्रहात मोडतो, त्यामुळे सोलापूर-नगरकडची, एकेकाळी माळढोक आणि आजही लांडगा, काळवीट व धनगरांच्या मेंढ्या पोसणारी माळरानेही बिनकामाची ठरू शकतात. संशोधक मधुसूदन आणि वनक यांनी २०२२ मध्ये उपग्रहचित्रांवरूनच देशातील निमशुष्क भागातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे माळरानांसारख्या विरळ झाडांच्या प्रदेशांचा, नकाशा केला. तीन लाखांहून अधिक चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रापैकी सुमारे दोन तृतीयांश सरकारी नोंदीत पडीक निघाले, आणि संरक्षित जेमतेम ५ टक्के. तंत्र तेच, प्रश्न वेगळा विचारला इतकेच.

वर्गाचे नाव प्रशासकीय सोयीपुरते असते, असा यावर आक्षेप येतो. पण वृक्षलागवड वा सौरप्रकल्पासाठी जागा शोधताना याच नोंदी पाहिल्या जातात. मग गवताळ माळावर खड्डे खणून झाडे लावणे हेच पर्यावरणकार्य ठरते. काही जमिनी खरोखर नापीक झाल्या आहेत, हेही खरे. घळी पडलेली, क्षारपड जमीन सुधारायलाच हवी. म्हणूनच अशी जमीन आणि जिवंत माळरान यांतला फरक नकाशात दिसला पाहिजे. त्यासाठी पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले चित्र शेजारी ठेवावे, प्रत्यक्ष माळावर जाऊन पडताळणी करावी आणि ‘गवताळ परिसंस्था’ हा स्वतंत्र वर्ग नोंदवावा.